एकदा तपासणे आणि वीसदा तपासणे: एका औषध दुकानदाराच्या मंत्रचळाचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गृहस्थांना येथे प्रकाशराव म्हटले आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे सर्व तपशील बदललेले आहेत. उपचारांचा क्रम मात्र, त्यातील माझ्या चुकीसह, घडला तसा ठेवला आहे. मसुदा त्यांनी वाचला असून त्यांची संमती आहे.

प्रकाशराव ४१ वर्षांचे. डी.फार्म. झाल्यावर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी वडिलांचे औषधांचे दुकान त्यांनी हाती घेतले, त्याला १६ वर्षे झाली. दुकानात मेव्हणा आणि हाताखाली एक मुलगा. गावात त्यांचा लौकिक चांगला होता. ‘चिठ्ठी वाचता येत नसेल तर प्रकाशरावांकडे जा’ असे लोक म्हणत. माझ्याकडे येण्याच्या सुमारे दोन वर्षे आधी एका नेहमीच्या गिऱ्हाइकाला रक्तदाबाची टेल्मिसार्टन २० मिलिग्रॅमऐवजी ४० मिलिग्रॅमची गेली. त्या गृहस्थांनी घरी गेल्यावर स्ट्रिप पाहिली, परत आले, हसत हसत बदलून घेतली. एकही गोळी पोटात गेली नव्हती. त्यानंतर तीनएक आठवड्यांनी प्रकाशराव रात्री दचकून उठू लागले.

गावातील डॉक्टरांनी झोपेसाठी गोळी दिली. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांनी मंत्रचळाचे, म्हणजे ओसीडीचे (नकोसा विचार पुन्हा पुन्हा येणे आणि तो शमवण्यासाठी एखादी कृती सक्तीने करत राहणे), निदान करून सर्ट्रालिन ही नैराश्यावरही दिली जाणारी गोळी ५० मिलिग्रॅमच्या मात्रेत सुरू केली आणि वर्तन-उपचारांसाठी माझ्याकडे पाठवले. त्या गोळीवर पाच महिने गेले होते.

समस्या

पहिल्या भेटीत प्रकाशरावांनी जे सांगितले ते कोणत्याही पुस्तकात शोभेल इतके ठळक होते. दिलेले प्रत्येक औषध ते चिठ्ठीशी ताडून पाहत, पुन्हा पाहत, पिशवीला स्टेपलरची पिन मारत, मग पिन काढून पुन्हा पाहत. काउंटरपुढे रांग लागे, लोक कंटाळून समोरच्या दुकानात जात. संध्याकाळी दिवसभराच्या बिलांमधून ‘शंकास्पद’ बिले वेगळी काढून ते गिऱ्हाइकांच्या घरी फोन करत. दुकान बंद झाल्यावर सीसीटीव्हीचे फुटेज रात्री दीड-दोनपर्यंत चाले. कॅमेरा छताजवळ होता, त्यामुळे स्ट्रिपवरचे अक्षर त्यात दिसणे शक्यच नव्हते, हे त्यांनीच मला सांगितले.

एक गोष्ट त्यांनी तिसऱ्या भेटीपर्यंत सांगितली नाही. स्ट्रिप कापल्यावर उरलेले तुकडे, फाटके खोके, रिकामी वेष्टने यांतले काहीही ते टाकत नव्हते. प्रत्येक दिवसाचा कचरा एका कॅरीबॅगमध्ये, वर मार्करने तारीख घालून, घराच्या माळ्यावर जात होता. पुढेमागे कुणी विचारले तर ‘त्या दिवशी कोणती स्ट्रिप कापली’ हे सिद्ध करता यावे, हा हेतू. माळ्यावर तेव्हा अशा पिशव्यांचा ढीग होता.

घरी पत्नीचा वाटा ठरलेला होता. झोपण्यापूर्वी ते चार-पाच बिले वाचून दाखवत आणि पत्नीने ‘हो, बरोबर दिलंय’ एवढेच म्हणायचे. शब्द बदलला, आवाजात कंटाळा आला, तर पहिल्यापासून.

मंत्रचळाची तीव्रता मोजणाऱ्या येल-ब्राऊन मापनश्रेणीवर त्यांचे गुण ४० पैकी २७ आले. ही १० प्रश्नांची श्रेणी १९८९ पासून वापरात आहे आणि २४ आणि त्यावरचे गुण तीव्र मानले जातात. मन खचलेले होते. आत्महत्येचे विचार नव्हते, तसे स्पष्ट विचारून घेतले. ‘मी चुकीचं औषध दिलं असेल आणि कुणीतरी दगावलं असेल’ हा विचार अवास्तव आहे हे त्यांना दिवसा पटत असे, रात्री पटत नसे.

विचारात घेतलेले पर्याय

प्रकाशरावांची स्वतःची इच्छा अशी की सहा महिने दुकान मेव्हण्याच्या हवाली करावे. घरच्यांनाही ते रास्त वाटत होते. हा पर्याय आम्ही लवकर बाजूला ठेवला. टाळल्याने भीती तात्पुरती बसते, पण परत दुकानात पाऊल ठेवण्याची उंची सहा महिन्यांत दुप्पट होते.

दुसरा पर्याय केवळ औषध वाढवण्याचा. ओसीडीमध्ये सर्ट्रालिनसारख्या औषधांना नैराश्यापेक्षा अनेकदा जास्त मात्रा आणि १२ आठवड्यांपर्यंतचा अवधी लागतो. पाच महिने ५० मिलिग्रॅमवरच थांबणे म्हणजे मात्रा कमीच होती. तरीही एकट्या औषधावर विसंबू नये असे वाटण्याला आधार होता. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एडना फोआ आणि सहकाऱ्यांच्या १२२ प्रौढांवरील चाचणीत सामना-आणि-प्रतिबंध हा वर्तन-उपचार, क्लोमिप्रामिन हे औषध, दोन्ही एकत्र आणि निष्क्रिय गोळी अशी तुलना होती. तीत वर्तन-उपचाराचे दोन्ही गट नुसत्या क्लोमिप्रामिनपेक्षा सरस ठरले. त्याच वर्षीच्या ब्रिटनमधील नाइस संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही तीव्र त्रासासाठी औषध आणि वर्तन-उपचार दोन्ही एकत्र द्यावेत असे म्हटले आहे.

सामना-आणि-प्रतिबंध म्हणजे भीती जागवणाऱ्या प्रसंगाला ठरवून सामोरे जायचे आणि त्यानंतरची सक्तीची कृती करायची नाही. व्हिक्टर मायर यांनी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात दोन रुग्णांवर ही पद्धत वापरून १९६६ मध्ये तिचे वृत्त प्रसिद्ध केले, तेव्हापासून ओसीडीच्या मानसिक उपचारांत सर्वाधिक पुरावा हिच्याच बाजूने जमा झाला आहे. हे मला माहीत होते. तरी मी सुरुवात तिच्यापासून केली नाही.

पहिला निर्णय आणि त्यातील चूक

मी चौथा पर्याय निवडला: आधी विचारांवर काम. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅल्कोव्हस्किस यांनी १९८५ मध्ये मांडलेली फुगलेल्या जबाबदारीची कल्पना, म्हणजे होऊ शकणाऱ्या प्रत्येक अपायाला आपणच जबाबदार असे वाटणे, प्रकाशरावांना अंगरख्यासारखी बसत होती. शिवाय ते वाचणारे गृहस्थ. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती किशोर फडके यांनी मराठीत रुजवल्यामुळे आपल्याकडे ‘अविवेकी विचार ओळखा आणि त्याला आव्हान द्या’ ही भाषा घरोघरी पोचली आहे, आणि प्रकाशराव त्याच अपेक्षेने आले होते. वादविवादाला ते उत्सुक होते, सामना करायला तयार नव्हते. मी त्यांच्या कलाने घेतले.

दुसऱ्या ते पाचव्या भेटीत आम्ही जबाबदारीचे वर्तुळ काढले: डॉक्टर, कंपनी, गिऱ्हाईक, घरचे, दुकानातला मुलगा, मेव्हणा यांचे वाटे आखता आखता प्रकाशरावांचा वाटा शंभरातून दहावर आला. चुकीची गोळी जाणे, ती न पाहता घेतली जाणे, तिने अपाय होणे, तो कुणाच्याच लक्षात न येणे या सगळ्या शक्यतांचा गुणाकार केला. ते प्रत्येक वेळी हलके होऊन जात. दोन दिवस बरे जात. मला वाटत होते की काम चालले आहे.

सहाव्या भेटीच्या आधीच्या आठवड्यात त्यांचे मला ११ मेसेज आले. सगळ्यांचा आशय एकच: ‘मॅडम, वर्तुळाचा हिशोब बरोबर होता ना?’ मी पहिल्या चारांना उत्तरे दिली होती. माझ्या वरिष्ठ सहकाऱ्यांपुढे प्रकरण मांडताना मी आमच्या कामाची वही अभिमानाने दाखवली. त्यांनी पाने चाळली नाहीत, मुखपृष्ठ पाहिले. १०० पानी साधी वही, महिनाभरात कोपरे मऊ पडलेले, मधल्या पानाच्या घडीवर चिकटपट्टी. त्यांनी एकच विचारले, ‘या वहीचं ते करतात काय?’

पुढच्या भेटीत मी तोच प्रश्न प्रकाशरावांना विचारला. वही गल्ल्याखाली असते, असे ते म्हणाले. प्रत्येक शंकेला काढून वर्तुळाचे पान वाचायचे, दिवसातून पंधरा-वीस वेळा. वाचताना फोन आला तर पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे पत्नीच्या ‘हो, बरोबर दिलंय’ची आवृत्ती मी त्यांना लिहून दिली होती. येल-ब्राऊन गुण २६ होते, एका गुणाचा फरक.

विचारांवर काम करणे निरुपयोगी असते असे यावरून म्हणता येत नाही. ‘असा विचार मनात आला म्हणजे मी धोकादायक माणूस आहे’ या अर्थावर काम करणे उपयोगी पडते. रॅकमन आणि डिसिल्व्हा यांनी १९७८ मध्येच दाखवले होते की असे नकोसे, घुसखोर विचार बहुतेक निरोगी माणसांच्याही मनात येतात. मी मात्र विचाराच्या अर्थाला हात न घालता त्यातल्या प्रश्नाचे उत्तर देत बसले. ‘कुणी दगावले असेल का?’ या प्रश्नाला कितीही सुंदर उत्तर दिले तरी मंत्रचळाला ते खातरजमा म्हणूनच हवे असते, आणि मिळालेली खातरजमा दोन दिवसांत शिळी होते.

दुसरा निर्णय: कामाचा नियम कुठे संपतो

सामना-आणि-प्रतिबंध सुरू करायचे ठरले तेव्हा खरी अडचण समोर आली. हात पुन्हा पुन्हा धुणाऱ्याला ‘धुऊ नका’ म्हणता येते. औषध दुकानदाराला ‘तपासू नका’ म्हणता येत नाही. चुकून जाणाऱ्या औषधाने खरोखर अपाय होतो, एकसारखी दिसणारी आणि एकसारख्या नावांची औषधे असतात, शेड्यूल एच१ या जास्त कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीतल्या औषधांची २०१४ पासून वेगळी नोंदवही ठेवावी लागते. हे सगळे मंत्रचळ नव्हे, धंद्याची शिस्त आहे.

यावर तोडगा प्रकाशरावांच्याच अनुभवातून निघाला. मी त्यांना म्हटले, ‘उद्या नवा मुलगा कामाला लागला तर त्याला काय शिकवाल?’ त्यांनी न अडखळता सांगितले: नाव, मात्रा, मुदत, संख्या, चिठ्ठीवरून एकदा, स्ट्रिपवरून एकदा. इन्सुलिन, लहान मुलांची औषधे आणि एकसारख्या नावांची औषधे दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचायची. अक्षर लागत नसेल तर डॉक्टरांना फोन. झाले. ‘आणि पिन काढून पुन्हा बघायला शिकवाल?’ यावर ते हसले, मग गप्प झाले.

तो नियम त्यांच्याच अक्षरात एका कागदावर लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला लावला. त्यांच्या परवानगीने मी तो एका अनुभवी फार्मासिस्टना दाखवून घेतला, आणि तो एकदाच दाखवायचा, पुन्हा कुणाला विचारायचा नाही, असेही ठरवले. नाहीतर तो कागदही वहीच्या वाटेने गेला असता. नियमात बसणारी प्रत्येक तपासणी त्यांची, त्यापलीकडची प्रत्येक मंत्रचळाची, अशी सीमा ठरली. मुद्दाम चुकीचे औषध ठेवणे किंवा नियमातली एखादी पायरी गाळणे हे सरावात कधीच येणार नव्हते. सामना करायचा होता तो अनिश्चिततेशी. त्यासाठी कुणा गिऱ्हाइकाचा जीव पणाला लावायचे कारण नव्हते.

प्रत्यक्ष काम

पहिला प्रयोग औषधांचा नव्हता, कुलपाचा होता. व्हॅन डेन हाउट आणि किंट या डच संशोधकांनी २००३ मध्ये संगणकावरच्या गॅस शेगडीचा वापर करून दाखवले होते की एकच गोष्ट वारंवार तपासली की स्मृती चुकत नाही, पण ती धूसर होते आणि तिच्यावरचा भरवसा उडतो. प्रकाशरावांनी आठवडाभर दुकानाच्या शटरचे कुलूप एक दिवस एकदा आणि दुसऱ्या दिवशी २० वेळा ओढून पाहिले, आणि घरी पोचल्यावर ते लावल्याची आठवण किती स्पष्ट आहे त्याला दहापैकी गुण दिले. एकदा ओढलेल्या दिवशी सात-आठ, वीसदा ओढलेल्या दिवशी दोन-तीन. त्यांचे वाक्य मी तसेच टिपून ठेवले: ‘वीस वेळा बघितलं की कुलूप दिसतं, पण लावलेलं दिसत नाही.’ महिनाभराच्या आमच्या गुणाकारांनी जे झाले नव्हते ते या आठवड्याने झाले; ते सरावाला तयार झाले.

मग चढती शिडी. आधी पिन मारलेली पिशवी न उघडता देणे. मग रिकामी वेष्टने त्याच संध्याकाळी घंटागाडीत टाकणे. मग गिऱ्हाइकांना फोन न करणे. फुटेज सर्वांत वर. त्याचा पासवर्ड मेव्हण्याने बदलून आपल्याकडे ठेवला. वही माझ्या कपाटात आली. माझ्याशी मेसेज फक्त भेटीच्या वेळेपुरते.

प्रत्येक पायरीआधी ते अपेक्षा लिहीत, आणि इथे एक सूक्ष्म निर्णय होता. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रॅस्के यांच्या मांडणीनुसार सामना तेव्हा अधिक शिकवतो जेव्हा माणसाची ठाम अपेक्षा खोटी ठरते. पण ‘गिऱ्हाइकाला काही होईल’ ही अपेक्षा तपासायला गेलो तर तपासणे म्हणजे फोनच करणे. म्हणून आम्ही दुसरी अपेक्षा घेतली: ‘आज फुटेज पाहिलं नाही तर पहाटेपर्यंत डोळा लागणार नाही आणि सकाळी दुकान उघडता येणार नाही.’ ही सकाळी आपोआप तपासली जाते. पहिल्या रात्री ते अडीचला झोपले, दुकान साडेआठला उघडले. चौथ्या रात्री बाराला झोप लागली.

शिडीवर नसलेली एक कृती मला आठव्या भेटीत दिसली, कारण ती भेट दुकानात होती. मी काउंटरच्या आत स्टुलावर बसून पाऊण तास पाहत होते. पिशवी ते उघडत नव्हते हे खरे. पण ती गिऱ्हाइकाच्या हातात देताना अंगठ्याने आतल्या स्ट्रिपच्या गोळ्या बाहेरून चाचपत आणि ओठ किंचित हलत. विचारल्यावर ते गोरेमोरे झाले. मनात औषधाचे नाव तीनदा म्हणत होते. ते कधीपासून हे त्यांनाही सांगता येईना. तो अंगठा शिडीवर वेगळी पायरी म्हणून घ्यावा लागला, आणि तो सुटायला फुटेजपेक्षा जास्त दिवस लागले.

घरातील भूमिका

पत्नीला मी सातव्या भेटीत बोलावले. त्यांनी सांगितले की नकार दिला तर ते रात्रभर येरझाऱ्या घालतात, सासूबाई उठतात, मुलीची दहावी आहे. ‘हो’ म्हणणे सोपे पडते. यात दोष काढण्यासारखे काही नव्हते. एकदम बंद करण्याऐवजी तिघांनी मिळून एक वाक्य ठरवले, आणि ते प्रकाशरावांनी स्वतः निवडले: ‘अहो, याचं उत्तर मी देणार नाही असं तुम्हीच सांगितलंय.’ पहिल्या आठवड्यात दोनदा भांडण झाले, एकदा त्या रडल्या आणि ‘हो’ म्हणाल्या. तिसऱ्या आठवड्यापासून बिले घरी येणे थांबले.

बाराव्या भेटीआधीची घसरण

सगळे ठीक चालले असताना खरी चूक घडली. एका बाईंना १५ गोळ्यांऐवजी १० गेल्या, बिल १५ चे. त्या दुसऱ्या दिवशी जरा तावातच आल्या. प्रकाशरावांनी मेव्हण्याकडून पासवर्ड मागून घेतला आणि आठ रात्री फुटेज पाहिले. माळ्यावर नव्या पिशव्या गेल्या.

‘पाच गोळ्या कमी गेल्याने काय होते’ असे म्हणण्याचा मोह मला झाला. ते बरोबरही होते. पण ते म्हणजे पुन्हा वर्तुळ. त्याऐवजी आम्ही विचारले की चूक झाल्यावर चांगला दुकानदार काय करतो. बाईंची माफी, उरलेल्या गोळ्या, आवश्यक तर डॉक्टरांना कळवणे, चूक कशी झाली याची एक ओळ नोंद. संख्या मोजताना मुलगा मध्ये बोलत होता, हे नोंदीत आले, आणि मोजताना बोलायचे नाही ही एक ओळ कागदावर वाढली. त्यापुढचे सर्व मंत्रचळाचे. चूक होऊ शकते हे मान्य करूनही दुकान चालवता येते, हे ज्या उदाहरणाने शिकता येईल ते उदाहरण आयतेच समोर आले होते.

परिणाम

सोळाव्या भेटीला येल-ब्राऊन गुण १२, सहा महिन्यांनी १४. फुटेज बंद, फोन बंद. समोरच्या दुकानात गेलेली काही गिऱ्हाइके परतली, सगळी नाहीत.

हे श्रेय एकट्या वर्तन-उपचाराचे आहे असा दावा करता येणार नाही. सातव्या आठवड्यापासून मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन टप्प्याटप्प्याने १५० मिलिग्रॅमपर्यंत नेली, आणि सामना सुरू होण्याची वेळही नेमकी तीच. एका माणसाच्या प्रकरणात हे दोन धागे सोडवता येत नाहीत. लहान मुलांच्या सिरपची बाटली प्रकाशराव अजून नियमापेक्षा एकदा जास्त पाहतात.

काय वेगळे करता आले असते

पत्नीला पहिल्याच भेटीत बोलावले असते तर ‘हो, बरोबर दिलंय’ ऐकताना माझ्या वहीचे भविष्य मला आधीच दिसले असते. दुकानात जाण्यासाठी आठवी भेट उजाडायला नको होती. खोलीत बसून सांगितलेल्या सक्तीच्या कृतींची यादी नेहमीच अपुरी असते, आणि अंगठा कुणी सांगत नाही. मेव्हण्याला मी फक्त पासवर्ड सांभाळणारा मानले. त्याला कारण समजावून सांगितले असते तर आठ रात्रींची कदाचित दोनच रात्री झाल्या असत्या. औषधाच्या मात्रेबद्दल तज्ज्ञांशी बोलणेही पहिल्या आठवड्यात व्हायला हवे होते. मी ते ‘त्यांचे क्षेत्र’ म्हणून लांबवले.

मेसेजबाबत मी आता पहिल्या भेटीतच नियम सांगते, आणि कुणाला काही लिहून दिले की पुढच्या भेटीत ते किती वेळा वाचले हे विचारते.

शेवटच्या पाठपुराव्याच्या भेटीत माळ्याचा विषय निघाला. सगळ्या पिशव्या गेल्या का, असे विचारले. प्रकाशरावांनी पत्नीकडे पाहिले. दोन राहिल्या आहेत, असे त्या म्हणाल्या. एक टेल्मिसार्टनच्या दिवसाची, एक त्या पाच गोळ्यांची. पहिली पुढच्या गुरुवारी, दुकान बंद असते त्या दिवशी, घंटागाडीत टाकायचे ठरले आहे. दुसरीची तारीख त्यांनी अजून दिलेली नाही.